वार्षिकांक कुणासाठी?
शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर ही सातपुडा साखर कारखान्याची वसाहत. अशा परिसरात शाळेचा वार्षिकांक काढायचा, तर वाचक कोण हे आधी ठरवावे लागते. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा कुणासाठी बोलायचे हे नावातच सांगितले. आपल्याकडील बहुतेक वार्षिकांकांत मात्र आधी पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, मग उसन्या कविता. आम्ही म्हणतो, भिल्ल-पावरा मुलांनी आपल्या बोलीत ऊसतोडीच्या, वसतिगृहाच्या, पाण्याच्या हकिगती लिहाव्यात. अक्षरओळख नसलेल्या आईबापांना चित्र कळते. म्हणून मुखपृष्ठावर वीणाधारी देवी नको. कोयता घेतलेली आई आणि पुस्तक घेतलेली मुलगी हवी. तो अंक ती आई घरात जपून ठेवील.