मानेचे दुखणे आणि विम्याचा हिशेब

शिलाईयंत्रावर ओणवा झालेला शिंपी, संगणकासमोर मान पुढे काढून बसलेला बँकेचा कारकून आणि बाजार समितीच्या आवारात डोक्यावरून पोती वाहणारा हमाल यांच्या मिळकतीत मोठे अंतर आहे. परंतु मानेच्या मागून चढत कपाळापर्यंत पोचणारी ठणक तिघांच्याही परिचयाची असते. तिघांचा उपायही बहुधा एकच. औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी! ती स्वस्त आहे, हाताशी आहे आणि तासाभरात आराम देते. तिची खरी किंमत मात्र त्या दिवशी मोजली जात नाही. ज्यांना मुळात डोकेदुखीची व्याधी आहे, त्यांनी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण होऊन बसतात, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे.

डोक्याच्या दुखण्याचे मूळ मानेत असावे, हे प्रथमदर्शनी पटत नाही. परंतु मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे धागे आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूचे धागे मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच ठाण्यावर येऊन मिळतात. त्यामुळे सांध्यात उठलेली वेदना मेंदूला कपाळात किंवा डोळ्यामागे भासते. नॉर्वेतील मज्जाविकारतज्ज्ञ ओट्टार शोस्ताद यांनी १९८३ साली या विकाराला स्वतंत्र नाव दिले. त्यावर गोळीवाचून काही करता येते काय, याचे एक चांगले उत्तर ऑस्ट्रेलियातून २००२ साली आले. ग्वेंडोलेन जुल आणि सहकाऱ्यांनी अशा दोनशे रुग्णांवर सहा आठवडे उपचार करून पाहिले. तज्ज्ञ हातांनी सांधे हलविणे, मानेच्या खोल स्नायूंना हलक्या व्यायामाने पुन्हा कामाला लावणे, किंवा दोन्ही. डोकेदुखीची वारंवारता आणि तीव्रता उपचार न मिळालेल्यांपेक्षा लक्षणीय कमी झाली, आणि वर्षाअखेरही तो लाभ टिकून होता. यासाठी लागल्या त्या आठ ते बारा बैठका. यंत्र नव्हे, शस्त्रक्रिया नव्हे.

मग हा उपचार सर्वत्र का मिळत नाही? येथे प्रश्न वैद्यकशास्त्राचा राहत नाही, पैशाच्या वाटेचा होतो. आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी रचलेला आहे. आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे छत्र असो वा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या बारा बैठका त्यात बसत नाहीत. खाजगी विमापत्रांतही ही सोय बहुधा जादा हप्त्याची असते. म्हणजे मानेवर शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली, तर विमा लाखभर रुपये देईल. ती पाळी येऊ नये म्हणून काही हजार देणार नाही. हा हिशेब कोणत्याही किराणा दुकानदाराला मान्य होणार नाही.

हा केवळ तर्क नव्हे. नेदरलँड्समध्ये मानदुखीच्या १८३ रुग्णांचा वर्षभराचा खर्च मोजण्यात आला व तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराच्या शुल्काबरोबर बुडालेले कामाचे दिवसही धरले होते. हाताने सांधे मोकळे करण्याचा उपचार घेणाऱ्यांचा सरासरी खर्च ४४७ युरो झाला. सामान्य डॉक्टरच्या देखरेखीखाली राहिलेल्यांचा १,३७९. परंतु त्याच अभ्यासात मुख्यतः व्यायामावर भर देणाऱ्या भौतिकोपचाराचा खर्च १,२९७ युरो, म्हणजे डॉक्टरी उपचाराच्या जवळपास तेवढाच, निघाला. भौतिकोपचार या नावाखाली जे जे चालते त्या सर्वांना विम्याचे दार सताड उघडावे, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही.

हा इशारा आपल्याकडे विशेष लागू आहे. शेक, विजेचे यंत्र आणि मान ताणण्याचा पट्टा यांवर एकाच वेळी चार रुग्ण ठेवता येतात; हाताचा उपचार एका वेळी एकालाच देता येतो. जेथे बैठकीगणिक पैसे मिळतात, तेथे यंत्राची बाजू आपोआप जड होते. दुसऱ्या टोकाला न्हाव्याच्या खुर्चीत मान कडकन मोडून घेण्याची हौस आहेच. तिने क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दुखावते, हे सांगणारा तेथे कोणी नसतो. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, ताप, हातातील बळ जाणे किंवा अपघातानंतरचे दुखणे यांत प्रथम डॉक्टरच गाठला पाहिजे, हेही तेथे कोणी सांगत नाही.

माणसे तयार करण्यात महाराष्ट्र मागे नाही. पोलिओच्या साथींनी मुंबईला ग्रासले असता, १९५०च्या दशकाच्या आरंभी के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राच्या शिक्षणाचा देशातील पाया घातला गेला. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात भौतिकोपचारतज्ज्ञ आले. त्यानंतरचा सार्वजनिक वाद मात्र रंगला तो त्यांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावावे की नाही यावर! बारा बैठकांचे पैसे कोणी द्यायचे, यावर तेवढी शाई खर्च झाली नाही.

तालुक्याच्या गावातील हमालाला बारा वेळा जिल्ह्याला जावयाचे, म्हणजे बारा रोज बुडवायचे आणि एस. टी.चे चोवीस फेऱ्यांचे भाडे भरावयाचे. उपचार फुकट असला तरी तो त्याला परवडत नाही. म्हणून योजनांनी डॉक्टरच्या तपासणीनंतर ठरावीक बैठकांचे शुल्क द्यावे, सहा आठवड्यांनी गुण न आल्यास ते थांबवावे, आणि तज्ज्ञाने आठवड्यातील ठरलेल्या दिवशी तालुक्याला यावे. आरंभ कोठे करावयाचा, हेही शोधावे लागणार नाही. १९६९च्या माथाडी कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांकडे मालकांकडून येणारी लेव्ही आहे, कामगारांची नोंद आहे आणि मानेवर ओझे वाहणारी माणसे एकाच आवारात आहेत. तेथे एक खोली, एक तज्ज्ञ आणि वर्षभराची नोंदवही एवढ्यावर काम सुरू होऊ शकते.