बुत्ती, शिदोरी आणि मक्याची भाकरी

आमच्या भागात प्रवासाला निघालेल्या माणसाला दारातच एक प्रश्न ऐकावा लागतो. मराठी शेजारीण विचारते, ‘शिदोरी घेतली का?’ कन्नड शेजारीण विचारते, ‘बुत्ती कट्टिकोंड्री?’ शब्द दोन, काळजी एकच. माझे माहेर मराठी आणि सासर कन्नड, त्यामुळे मला दोन्हींची उत्तरे द्यावी लागतात आणि पिशवीतही दोन्ही घरे असतात. दशम्या माहेरच्या, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पहिल्या दिवसापुरता दहीभात सासरचा.

दशमी चवीसाठी दुधात भिजवतात, असे आता बहुतेक मुलींना वाटते. खरे कारण वेगळे होते. पाण्यात भिजवून शिजवलेले अन्न खरकटे, ते प्रवासात शिवाशिवीने विटाळणार. दुधात भिजवलेले तसे नव्हे, म्हणून ते गाडीत चालायचे. आपल्या किती पदार्थांच्या मऊपणामागे ही भीती बसली आहे, हे एकदा मोजायला हवे. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी भांडी असत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि महूच्या बाजूला बंडात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. तो वाचताना युद्धाइतकेच माझे लक्ष स्नान, स्वयंपाक आणि मुक्काम यांकडे जाते. लढाई चार दिवसांची, भूक रोजची.

याच माळव्यात गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो होतो. माझी मावसबहीण धार जिल्ह्यातल्या सरदारपूरला असते. मही नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. इंग्रजी अमदानीत येथे माळवा भिल पलटणीची छावणी होती. मही याच तालुक्यात मिंडा गावाजवळ उगम पावते आणि पुढे खंबातच्या आखाताला मिळते. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने, म्हणून तिकडे मराठी घरे पुष्कळ आहेत. पण त्यांच्या मराठीला हिंदीचा असा काही पाक चढला आहे की माझ्या बहिणीची मुले ‘मी नाश्ता करून चुकलो’ असे बिनदिक्कत म्हणतात. मला ते गोड वाटते. आपल्याकडच्या मराठीत कन्नडचे काय काय मिसळले आहे, ते तिकडच्यांना विचारावे!

इंदूरला सकाळी पोहे खाल्ले. वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले, वर शेव आणि जीरावन, बरोबर जिलबी. पोह्याबरोबर जिलबी पाहून माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, जरा दचकल्या आणि मग दुसरी प्लेट मागितली. त्यांचे वय पंचाहत्तर, हिंदीचा एक शब्द येत नाही.

पुढे बस. धारला एक आदिवासी आजी चढली आणि आमच्या समोरच्या बाकावर बसली. थोड्या वेळाने तिने लुगड्याच्या गाठीतून मक्याची जाड भाकरी काढली, वर लसूण-मिरचीचा गोळा. समोर लहान मूल असताना एकट्याने खायचे नाही, हा तिचा रिवाज असावा. तिने भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या मुलीपुढे धरली.

मुलगी बारा वर्षांची. तिने हात मागे घेतला. अनोळखी माणसाकडून काही खायचे नाही, हे शाळेत शिकवले आहे, स्टेशनवर ऐकवले आहे, आणि घरी मीही शेकडो वेळा सांगितले आहे. शेजारचा गृहस्थ लगेच म्हणाला, ‘मत लेना, बहनजी.’ आजीला कारण सांगावे लागले नाही. तिने तो तुकडा हळूच परत फडक्यात ठेवला. हा नकार तिला नवा नव्हता, हे तिच्या हाताच्या सवयीवरूनच कळले.

मी काही बोलणार तोवर अत्तींनी हात पुढे केला. त्यांनी तो तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मग पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून म्हणाल्या, ‘तगोरी, यव्वा.’ आजी भिलीत काही बोलली, अत्ती कन्नडमध्ये. पुढचा तासभर दोघींचे छान चालले होते. कोणाला काय कळले ते त्यांनाच ठाऊक.

वाचकहो, रेल्वेची सूचना खोटी नाही. गुंगीचे औषध घालून प्रवाशांना लुटण्याला तिकडे ‘जहरखुरानी’ असे नावच आहे. रात्रीच्या गाडीत, एकट्या मुलीने, कोणाकडूनही चहा घेऊ नये, हे मी आजही सांगेन. पण भरदिवसा, भरलेल्या बसमध्ये, जी स्वतः त्याच भाकरीचा घास घेते आहे तिच्याबद्दल त्या गृहस्थाला नेमकी कसली भीती वाटली? हीच भाकरी एखाद्या इस्त्रीच्या साडीतल्या बाईने स्टीलच्या डब्यातून दिली असती, तर तो ‘मत लेना’ म्हणाला असता का? मला शंका आहे. सोवळे गेले असे आपण म्हणतो. काही ठिकाणी त्याने फक्त नाव बदलले आहे. आता ते स्वच्छता म्हणून येते, कधी सुरक्षितता म्हणून.

अत्तींना मी नंतर विचारले. त्या म्हणाल्या, ‘मठात पंगतीला शेजारी कोण बसलंय ते विचारतो का आपण?’ दासोह त्यांनी असा साध्या हिशेबाने धरला आहे. आमच्या माहेरी सप्ताहाच्या शेवटी काला होतो. सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या, ही त्यामागची कथा. आम्ही दरवर्षी भक्तीने काला खातो आणि गाडीत बसलो की डब्याचे झाकण घट्ट लावतो.

सरदारपूरला बहिणीने दाल-पानिये केले. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत दडपून शेणीच्या निखाऱ्यावर भाजतात. अत्तींनी दोन खाल्ले आणि ज्वारीचे असे करता येईल का, यावर बहिणीच्या सासूबाईंशी खुणांनी चर्चा केली.

येताना देवासला थांबलो. कुमार गंधर्व मूळचे आपल्या सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड. क्षयाने आजारी असताना १९४८ साली ते देवासला आले. कित्येक वर्षे गाणे बंद होते. त्या काळात माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानावर पडली आणि ती त्यांनी मनापासून घेतली. माळव्याची लोकगीते हा त्यांच्या गाण्याचा मोठा भाग झाला. १९९२ साली देवासलाच त्यांचे निधन झाले. हे सगळे मी मुलीला सांगत होते, तर तिचा प्रश्न निराळाच.

‘अज्जीने घेतलं ते चाललं. मग मी कधी घ्यायचं आणि कधी नाही?’

आम्ही दोघी इंदूरपर्यंत त्यावर बोलत होतो. दिवस की रात्र, बरोबर कोण आहे, देणारा स्वतः खातो आहे का, इथवर आमचे जमले. देणाऱ्याचे कपडे पाहायचे नाहीत, यावरही जमले. नको असेल तेव्हा ‘नको’ कसे म्हणायचे, जेणेकरून समोरच्याला तुकडा फडक्यात परत गुंडाळावा लागणार नाही, यावर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही. ती म्हणते, घेऊन पिशवीत ठेवावे. अत्ती म्हणतात, ते तर आणखी वाईट.