सिकलसेलवर नवा जनुक-उपचार: बातमी खरी आहे, पण गोळ्या बंद करू नका

मागच्या महिन्यात एक आई मुलाला घेऊन माझ्या नांदगाव खंडेश्वरच्या दवाखान्यात आली. मुलाचे हातपाय ठणकत होते, अंगात ताप होता. तो सिकलसेलचा ‘एसएस’ रुग्ण. गोळ्या चालू आहेत का, असं विचारलं तर म्हणाली, “डॉक्टरसाहेब, सिकलवर नवीन विलाज आला म्हंते. मंग ह्या गोया कायले देऊ?” मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ पाहून तिने दीड महिन्यापासून औषध थांबवलं होतं.

व्हिडिओ खोटा नव्हता, अर्धवट होता. म्हणून आज थोडं सविस्तर.

नवीन उपचार काय आहे?

बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. त्याला ‘एचबीएफ’ म्हणतात. सिकलसेलचा दोष या हिमोग्लोबिनमध्ये नसतो. म्हणूनच सिकलसेलचं बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. साधारण सहा महिन्यांनंतर एचबीएफ कमी होतं आणि मग बोटं सुजणं, ताप, रडणं सुरू होतं.

एचबीएफ बंद कोण करतं? आपल्या पेशीतला डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. जिथे गुंडाळी सैल, तिथलं जनुक काम करतं. जिथे घट्ट, तिथलं गप्प बसतं. काही प्रथिनं डीएनएला चिकटून हे ठरवतात. ‘बीसीएल११ए’ हे त्यापैकीच एक. ते एचबीएफच्या जनुकाजवळ बसतं, इतर प्रथिनांना बोलावतं आणि ते जनुक बंद ठेवतं. २००८ च्या सुमारास संशोधकांना हे कळलं.

‘कॅसजेव्ही’ या उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढतात. लाल पेशी तयार होताना बीसीएल११ए वाढवणारा डीएनएचा छोटा भाग क्रिस्पर तंत्राने तोडतात आणि पेशी परत देतात. हे प्रथिन मेंदूला आणि प्रतिकारशक्तीलाही लागतं, म्हणून ते सगळीकडे बंद न करता फक्त रक्तापुरतं कमी करतात. एचबीएफ पुन्हा वाढतं आणि वेदनेचे झटके थांबतात. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये याला मान्यता दिली.

मग आपल्याला का मिळत नाही?

अमेरिकेत या औषधाची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर आहे. ते एक इंजेक्शन घेऊन घरी जाण्यासारखंही नाही. आधी जोरदार केमोथेरपी देऊन जुनी मज्जा रिकामी करावी लागते, कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं आणि पुढे मूल न होण्याचा धोका असतो. मान्यताही १२ वर्षांवरच्या रुग्णांनाच मिळाली.

आपल्या देशातही काम सुरू आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने ‘बिरसा १०१’ हा क्रिस्पर उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. तो स्वस्तात मिळावा हा उद्देश आहे. पण जाहीर होणं आणि अमरावतीच्या इर्विनमध्ये मिळणं यात चाचण्यांचा मोठा टप्पा आहे. त्यासाठी आज शेत विकू नका, कोणाला आगाऊ पैसेही देऊ नका.

आज हातात काय आहे?

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. तीसुद्धा एचबीएफच वाढवते! नव्या उपचाराइतकं नाही, पण नियमित घेतली तर झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. मात्र ठरल्याप्रमाणे रक्ततपासणी हवी आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायला हवं.

१ जुलै २०२३ ला शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं लक्ष्य. मेळघाटासह सगळ्या विदर्भाला त्याची गरज आहे. पण माझ्या मते किती जणांची तपासणी झाली यापेक्षा सापडलेल्यांपैकी किती जण दरमहा गोळी घेतात, हा आकडा महत्त्वाचा आहे. गोळी गावाजवळ मिळाली नाही तर मजुरी बुडवून दर महिन्याला कोण जाणार?

घरी लक्षात ठेवा

- गोळी स्वतःहून बंद करू नका.
- उन्हाळ्यात, शेतात, प्रवासात पाणी भरपूर प्या. थंडीत अंग झाका.
- लसी वेळेवर द्या.
- ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक पोट फुगून पांढरं पडणं, हातापायातली ताकद जाणं: यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा.
- लग्नाआधी दोघांची तपासणी करा. दोघंही ‘एएस’ वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘एएस’ असणं म्हणजे आजारी असणं नव्हे.

त्या मुलाला सलाइन लावून, वेदनाशामक देऊन अमरावतीला पाठवावं लागलं. आता तो बरा आहे आणि गोळी पुन्हा सुरू झाली आहे. नवा उपचार एक दिवस आपल्याकडे येईल. तोवर मूल धडधाकट राहिलं, तरच त्याचा उपयोग.