पॅट्रिशियन म्हणजे पाटील नव्हेत

या आठवड्यात इंदापुरातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचं टिपण चाळत होतो. त्यात ओळ होती: ‘पॅट्रिशियन म्हणजे रोमचे पाटील.’ वाचून संताप आला. शब्द शिकवायचा तर मुळासकट शिकवा, हा माझा हेका जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

लॅटिनमध्ये ‘पातेर’ म्हणजे बाप. सिनेटच्या सभासदांना ‘पात्रेस’ म्हणत, त्यांच्या कुळातले ते पॅट्रिशियन. रोमचा संस्थापक रोम्युलस याने असे शंभर जण नेमले, ही कथा रोमन इतिहासकार लिव्हीने नोंदवली आहे. त्या नावात काम नाही, गाव नाही. आहे ती फक्त वंशावळ. सामान्य रोमन लोकांशी, म्हणजे प्लेबियनांशी, लग्नाची बंदी उठायलाही इ.स.पू. ४४५ उजाडावं लागलं.

आपला पाटील आला ‘पट्टकिल’वरून. जुन्या ताम्रपटांत तो गावचा अधिकारी म्हणून भेटतो. नावातच हुद्दा! पडीक रान लागवडीला आणायचं, सारा वसूल करायचा. सारा थकला की तगादा आधी त्याच्याच दारात. मानही होता, पोळ्याला पहिला बैल त्याचा. पण कागदावर सहीच्या जागी तो ‘निशाणी नांगर’ करी, आणि त्याच कागदावर न्हाव्याचा आरसाही उमटे.

मुख्य म्हणजे पाटीलकी विकता येई. कर्जात बुडालेला पाटील निम्मी पाटीलकी विकी, आणि विडा आधी कुणाला, शिरपाव आधी कुणाला, हे खरेदीखतात कलमवार लिहिलं जाई. घेणाराही पाटीलच. रोममध्ये पूर्वज विकत मिळत नसत. क्लोडियस या पॅट्रिशियनाची गोष्ट तर उलटी: प्लेबियनांच्या ट्रिब्यूनचं, म्हणजे प्रतिनिधीचं, पद पॅट्रिशियनांना बंद, म्हणून इ.स.पू. ५९ मध्ये तो आपल्याहून लहान वयाच्या प्लेबियनाला दत्तक गेला.

इंदापूरच्या पोरांना पाटीलकीचा इतिहास दूर जाऊन शोधायला नको. मालोजीराजांची गढी गावातच आहे. त्यांच्या भोसले घराण्याकडे वेरूळची पाटीलकी होती. इंदापुरात मालोजी आले ते निजामशाहीचे सरदार म्हणून, आणि पडले तेही इथल्याच लढाईत. पुढे महादजी शिंद्यांनी दिल्लीचा कारभार हाती घेतला, तरी ते स्वतःला अभिमानाने पाटीलच म्हणवत.

बारामती-इंदापुरात आज घराणी मोठी झाली ती वतनाने नव्हे, नीरेच्या कालव्याने आणि उसाने, असं माझं ठाम मत आहे. महसुली पाटीलकी तर १ जानेवारी १९६३ लाच संपली. उरला पोलीस पाटील, त्यालाही १९६७ च्या कायद्याने सरकार नेमतं. त्या पदासाठी गावातल्या कुणाच्याही मुलीला अर्ज करता येतो.