फौजी माणसाने हसऱ्या प्रेमकथा का वाचाव्यात

फौजी माणसाच्या काळ्या ट्रंकेत वरच्या थराला इस्त्रीची वर्दी, पॉलिशची डबी, देवाचा फोटो आणि घरून आलेला चिवडा असतो. तळाला कधीकधी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एखादं पुस्तक असतं. त्याचं मुखपृष्ठ गुलाबी असलं तर मालक ते कुणाला दाखवत नाही. युद्धकथा उघड्यावर वाचायची, रहस्यकथा वाचून झाली की पुढच्याला द्यायची आणि प्रेमकथा मात्र रजईच्या आत. त्यातून ती हसवणारी प्रेमकथा असली तर विचारूच नका. ‘हा बायकांची पुस्तकं वाचतोय,’ ही बातमी लंगरपर्यंत पोचायला पाच मिनिटं पुरतात.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आजच्या काळातली, हसतखेळत लिहिलेली प्रेमकथा कुणी वाचायलाच हवी असेल तर ती आपण. का, ते सांगतो.

उदाहरणाला अनुजा चौहान यांच्या कादंबऱ्या घेऊ. इंग्रजीत आहेत, पण वाक्यावाक्यात दिल्लीची हिंदी मिसळलेली असल्यामुळे बेताचं इंग्रजी येणाऱ्यालाही त्या चालतात. बाईंचे वडील लष्करात होते आणि त्यांचं बालपण उत्तरेतल्या छावण्यांमध्ये गेलं. पुढे त्या जाहिरातीच्या धंद्यात गेल्या. पेप्सीची ‘ये दिल माँगे मोअर’ ही ओळ त्यांच्याच नावावर आहे. जून १९९९ मध्ये कारगिलला पॉइंट ५१४० घेतल्यावर कॅप्टन विक्रम बत्रांनी विजयाचा संकेत म्हणून वायरलेसवरून तीच ओळ कळवली. थंड पेय विकायला लिहिलेले चार शब्द ५,१४० मीटर उंचीवर जाऊन पोचले. जीव मुठीत धरून लढणाऱ्या माणसाला हलकंफुलकं वाक्य किती जवळचं वाटू शकतं, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

त्याच बाईंनी २००८ साली ‘द झोया फॅक्टर’ लिहिली. १९८३ चा विश्वचषक भारताने जिंकला त्याच क्षणी जन्मलेली झोया क्रिकेट संघासोबत नाश्ता करते आणि संघ जिंकतो. सगळा देश तिला नशिबाची पुतळी करून टाकतो. कप्तान निखिल खोडा मात्र म्हणतो की सामना मेहनतीने जिंकला जातो. प्रेमही आहे आणि वादही आहे. ‘बॅटल फॉर बिट्टोरा’मध्ये तर नायक-नायिका एकाच मतदारसंघात एकमेकांविरुद्ध निवडणूक लढवतात. ‘दोज प्राइसी ठाकूर गर्ल्स’मध्ये दिल्लीच्या हेली रोडवर एका निवृत्त न्यायाधीशांच्या पाच मुली आहेत, त्यांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवलेली. चौथी देबजानी दूरचित्रवाणीवर बातम्या वाचते आणि तिला भेटणारा डिलन १९८४ च्या शीखविरोधी दंगलींचा शोध घेणारा पत्रकार असतो. सरकारी बातम्या वाचणारी ती, सरकारला न आवडणाऱ्या बातम्या काढणारा तो. भांडण होणारच.

या सगळ्यांचं शेवटी जमणार, हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. टीका करणारे इथेच बोट ठेवतात. शेवट माहीत असेल तर वाचायचं कशाला? त्यांना विचारतो, लग्नात उखाणा कशाला ऐकता? नवरीच्या तोंडून नवऱ्याचंच नाव येणार, शेजाऱ्याचं नाही, हे मांडवातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. तरी सगळे कान टवकारतात, कारण मजा ते नाव कुठल्या वाटेने येतं यात असते. तमाशातल्या सवाल-जवाबातही तेच. हरलं कोण याची कुणी नोंद ठेवत नाही, जवाब कसा फिरवला ते मात्र वर्षभर सांगतात. हसरी प्रेमकथा म्हणजे तीनशे-चारशे पानांचा सवाल-जवाब. आपल्याला तो परका वाटायचं काही कारण नाही.

सैनिक आणि असली पुस्तकं यांचं नातंही आजचं नाही. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ ची. तेव्हा इंग्लंड नेपोलियनशी लढत होतं आणि बाईंचे दोन भाऊ नौदलात होते. एलिझाबेथ आणि डार्सीची शाब्दिक चकमक आजही या प्रकारच्या कादंबऱ्यांची आजी आहे. पुढे १९२४ मध्ये किपलिंगने ‘द जेनाइट्स’ ही कथा लिहिली. पहिल्या महायुद्धातली एक तोफखान्याची बॅटरी, तिच्यातले ऑस्टिनचे भक्त आणि तोफांवर खडूने लिहिलेली तिच्या पात्रांची नावं. कथा काल्पनिक, पण किपलिंगला फौजी माणूस कळत होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तर आपल्या सैनिकांसाठी खिशात मावतील अशी पुस्तकं छापली, १२ कोटींहून जास्त प्रती. त्यात सैनिकांना फार आवडलेलं एक पुस्तक होतं ब्रुकलिनच्या गरीब वस्तीत वाढणाऱ्या मुलीचं. खंदकात बसलेल्या माणसाला घराची गोष्ट हवी असते.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल. सगळी मिळाली तर तीन महिने. फॅमिली क्वार्टर नशिबात नसेल, तर लग्नाला दहा वर्षं झाली तरी नवरा-बायको एका छपराखाली राहिलेली असतात अडीच वर्षं. त्या दिवसांतही भावकीची लग्नं, बँकेची कामं, शेताचा बांध, आईचं दवाखान्याचं. बाकीचा संसार फोनवर. आणि आपले फोन कसे असतात?

‘जेवलासा का?’

‘व्हय. तू?’

‘जेवले. थंडी हाय का तिकडं?’

‘हाय. पोरगं शाळंला जातंय न्हवं?’

‘जातंय. बरं, ठेवते.’

प्रेम कमी असतं म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. बोलायची सवय नसते. जागा सांगता येत नाही, काम सांगता येत नाही, भीती सांगायची नसते. उरतं काय? जेवण आणि हवामान. मग पेन्शन येते. वय बहुतेकदा चाळिशीच्या आसपास. माणूस कायमचा घरी येतो, दोघं समोरासमोर बसतात आणि काय बोलावं ते सुचत नाही. कुणी पारावर जाऊन बसतो, कुणी लगेच सिक्युरिटीची नोकरी धरतो, कुणी कँटीनच्या बाटलीशी बोलायला लागतो. माजी सैनिक मंडळी हे वाचत असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको.

आमच्याकडचा सांगली जिल्ह्यातला एक नाईक झेलम एक्सप्रेसने पुण्याहून जम्मूला परत येत होता. प्रवास दीड दिवसाहून जास्त. कुणीतरी बर्थवर विसरलेलं ठाकूर मुलींचं पुस्तक त्याने वेळ जावा म्हणून उघडलं. पोस्टिंगवर पोचल्यावर रोज रात्री तो बायकोला त्यातलं थोडं थोडं मराठीत सांगू लागला. ‘मग फुडं काय झालं?’ हे तिचं पहिलं मोठं वाक्य. चार मिनिटांचा फोन वीस मिनिटांवर गेला. मग दोघांचं भांडण लागलं, चूक देबजानीची की डिलनची यावर. वहिनी म्हणे दोन दिवस ऐकायलाच तयार नव्हत्या. पुस्तक संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘आता तुमची सांगा. भरती झालासा त्या दिवसापास्नं.’ लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

हे फक्त मन रमवणं आहे, असं म्हणणाऱ्याला माझं उत्तर एवढंच. चांगल्या हसऱ्या प्रेमकथेत विनोद हा बरोबरीचा पुरावा असतो. ज्याला आपण कमी लेखतो त्याची आपण टिंगल करतो, ज्याला बरोबरीचं मानतो त्याच्याशी सवाल-जवाब करतो. चौहानबाईंची ‘बाझ’ ही २०१७ ची कादंबरी पाहा. काळ १९७१ च्या युद्धाचा. नायक ईशान फौजदार हवाईदलाचा लढाऊ वैमानिक, नायिका तेहमिना युद्धालाच विरोध असलेली, हातात कॅमेरा घेतलेली पारशी मुलगी. तिचा प्रश्न त्याच्या वर्दीलाच जाऊन भिडतो. चेष्टामस्करी दोघांची भरपूर आहे, पण तिच्या आत हा जड प्रश्न आहे. एरवी त्यावर दोघांचं बोलणंच बंद झालं असतं. हसण्यामुळे ते चालू राहतं. आपल्या किती घरांत असे प्रश्न जेवणाच्या ताटाखाली सरकवलेले असतात!

या पुस्तकांची उणी बाजूही सांगायला हवी. त्यातली माणसं बहुतेक खात्यापित्या घरची, इंग्रजी बोलणारी. नायक नको तितका देखणा. त्याला रजा मंजूर करून घ्यायला कुठल्या सुभेदारसाहेबांपुढे उभं राहावं लागत नाही. अपशिंग्याच्या किंवा सैनिक टाकळीच्या सुनेला त्या जगात स्वतःचं घर सापडणार नाही. मराठीत प्रेमकथेची परंपरा ना. सी. फडक्यांपासून आहे आणि विनोदाचीही उत्तम आहे. पण नवरा सरहद्दीवर असताना सासू, शेती, पोरं आणि स्वतःची बोलकी जीभ सांभाळणारी, फोनवर त्याला दोन शब्द सुनावणारी आणि त्याला हसवणारी नायिका माझ्या वाचनात आलेली नाही. अशा बायका घरोघरी आहेत. कुणा मराठी लेखिकेने, त्यातही एखाद्या फौजीच्या बायकोने, ती कादंबरी लिहावी. पहिली प्रत मी घेईन आणि गुलाबी मुखपृष्ठ असलं तरी बराकीत उघड्यावर वाचेन.

तोवर जे हाती येईल ते वाचा. आणि मंडळी, एकट्याने वाचू नका. आज रात्री फोन लागला की जेवणखाण विचारून झाल्यावर लगेच ठेवू नका. म्हणा, ‘एक गोष्ट वाचतोय, ऐकतेस का?’