जमिनीखालचा गंज आणि जमिनीवरची माणसे

कृष्णाकाठच्या साखर कामगारास नळ साफ करण्याचे मोल सांगावे लागत नाही. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षारांची खपली धरली की कॉस्टिकने ती सैल करावी लागते आणि मग माणसे ब्रश घेऊन राबतात. आता सातारा-सांगलीच्या याच पट्ट्यात वायूचे नळ येत आहेत. २०१८ साली हे दोन्ही जिल्हे एकत्र करून वायुवितरणाचा अधिकार भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीस देण्यात आला. नळाने वायू मिळणे स्वागतार्हच आहे. परंतु तो नळ आतून कसा आहे हे कोण पाहणार आणि कोणास सांगणार?

गल्लीबोळांतील प्लास्टिकचे नळ गंजत नाहीत. मुख्य वाहिन्या मात्र पोलादी असतात. अशा वाहिनीत ‘पिग’ नावाचे साधन सोडतात. एका टोकाच्या कोठीतून ते आत घालतात, वाहत्या तेलाच्या वा वायूच्या दाबाने ते पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाच्या कोठीत काढून घेतात. साध्या पिगच्या चकत्या व ब्रश गाळ, पाणी आणि गंज पुढे लोटतात. तपासणीच्या पिगमध्ये प्रबळ चुंबक असतात. नळाची भिंत जेथे पातळ झाली असेल तेथे चुंबकीय क्षेत्र बाहेर झिरपते, आणि कोठे किती झीज झाली याची नोंद होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने इंडियन ऑइलच्या सहकार्याने असे पिग देशातच घडविले आहेत. तेव्हा साधन नाही, ही सबब चालणार नाही.

हयगयीची किंमत कोण मोजतो, हे आंध्रातील नगरम गावाने दाखविले. २७ जून २०१४ च्या पहाटे तेथे वायुवाहिनी फुटली आणि वीसहून अधिक माणसे होरपळून मेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या नळातून पाण्याचा अंश असलेला वायू वाहत होता. त्याने नळ आतून खाल्ला होता.

१९६२ च्या कायद्याने वाहिनीखालची जमीन शेतकऱ्याच्याच नावे राहते. सरकार केवळ वापराचा हक्क घेते. त्या पट्ट्यात घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही. आणि याचा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के! धोका गावाचा आणि तपासणीचा अहवाल मात्र कंपनीच्या कपाटात, ही वाटणी आम्हांस मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पोलादी वाहिन्या टाकतानाच पिग जाऊ शकेल अशी वळणे व झडपा ठेवा. मागाहून रस्ते उकरण्यापेक्षा ते स्वस्त पडते. तपासणीची तारीख आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. घातपाताच्या भीतीची सबब कंपन्या पुढे करतील. पण गाव नकाशा मागत नाही, आपल्या पायाखालचा नळ धड आहे की नाही एवढेच विचारते. तिसरी मागणी कामगारांची. कोठीत दाब शिल्लक असताना दार उघडले तर ते जिवावर बेतते; पिगबरोबर येणारी लोह-गंधकाची भुकटी कोरडी राहिली तर हवा लागताच पेटते. हे काम कंत्राटी कामगारास द्यायचे असेल, तर त्याला प्रशिक्षण, साधने आणि कायम कामगाराइतके वेतन मिळालेच पाहिजे.

कार्यकर्त्यांनी हे प्रश्न येत्या ग्रामसभांत मांडावेत. नळ पुरला जाण्यापूर्वी विचारलेला प्रश्न शंभर चौकशी समित्यांहून मोलाचा असतो.