‘द’ नेमका लावायचा कुठे?

एफवायला इंग्लिशचा पेपर हातात पडला, तेव्हा मार्क बघायच्या आधी मी लाल गोल मोजले. एकोणीस! त्यातले निम्मे तर नुसते ‘ए’, ‘ॲन’, ‘द’चे. खाली शेरा : ग्रामर वीक. त्यानंतर वर्षभर मी इंग्लिशमध्ये चार-चार शब्दांची वाक्यं लिहिली. चुका कमी झाल्या, पण मला जे म्हणायचं असायचं तेही कागदावर येईना.

आता वाटतं, ते गोल जरा नीट बघायला हवे होते. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हटलं की मराठीत काम होतं. कुठलं पुस्तक, ते समोरच्याला संदर्भावरून कळतं. मग ‘द’ आपल्याला सुचणार कुठून? चर्चा आपण विषया‘बद्दल’ करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. लग्न कोणा‘शी’ तरी होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’. आपण नियम पाळत असतो हो, फक्त ते मराठीचे असतात.

अर्थात सगळं मराठीवर ढकलून चालणार नाही. तो जातो, ती जाते, ते जातात... क्रियापद बदलायची सवय आपल्याला इंग्रजांपेक्षा जास्त! तरी ‘ही गोज’मधला ‘एस’ आपण खातोच. इतर भाषा बोलणारेही तिथेच अडखळतात.

पिट कॉर्डर या भाषातज्ज्ञाने १९६७मध्येच लिहून ठेवलंय, की घाईत पेन घसरणं वेगळं आणि तीच चूक पुन्हा पुन्हा होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारातून शिकणाऱ्याने मनाशी कोणता नियम बांधलाय ते कळतं. सर-मॅडम, आमच्या पेपरात हे दिसतं का तुम्हाला? शंभर पेपर तपासताना प्रत्येकाला समजावणं शक्य नाही, मान्य. पण एकोणीस गोलांऐवजी एकाच प्रकारच्या चुकीवर बोट ठेवलंत, तरी पुढच्या वेळी काय सुधारायचं ते कळेल.

‘समजलं ना, मग झालं’ असं म्हणणारे मित्रही आहेत. व्हॉट्सॲपवर ठीक आहे. पण नोकरीचा अर्ज वाचणारा आपल्याला ओळखत नसतो. त्याच्या हातात फक्त तो कागद असतो.

मी आता वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याच चुका लिहून ठेवते. तीन रकाने केलेत. वाक्यं पुन्हा लांब लिहायला लागलेय. ‘द’चा रकाना अजून सगळ्यात मोठा आहे.